पाचपैकी तीन डिस्क दिसेनाशा झाल्या : झाडीपट्टीतील एका स्टुडिओच्या साठवणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या खोऱ्यात, वडसा-देसाईगंजपासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या गावी हा फोटो व व्हिडिओ स्टुडिओ आहे. मालकांची, गावाची आणि ग्राहकांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. बिघाडाचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. या भागात दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की झाडीपट्टीची नाटकेही सुरू होतात, आणि होळीपर्यंत एखाद्या गावी शंकरपट (बैलांच्या शर्यती), तर दुसऱ्या गावी मंडई असे निमित्त धरून रात्र-रात्रभर प्रयोग चालतात. स्टुडिओचे मालक गेली अनेक वर्षे या प्रयोगांचे चित्रीकरण करतात. नाटकांचा हंगाम संपतो न संपतो तोच लग्नसराई सुरू होते, त्यामुळे नोव्हेंबर ते जून या काळात त्यांच्याकडे रोज नवे चित्रीकरण येऊन पडते.

आधी हे सगळे सुट्या हार्डडिस्कांवर कपाटात ठेवलेले असे. कोणत्या डिस्कवर कोणते नाटक आहे हे शोधण्यात वेळ जाऊ लागला, तेव्हा त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका तरुणाने जुन्या संगणकात ४ टेराबाइटच्या पाच डिस्क बसवल्या, त्यावर डेबियन लिनक्स ही कार्यप्रणाली टाकली आणि झेडएफएसचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या फाइल-व्यवस्थेचा, एक पूल तयार करून दिला. पुढे तो तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला. संगणक चालत राहिला.

पूल म्हणजे काय, हे पुढच्या निर्णयांसाठी नीट समजून घेतले पाहिजे. पाच डिस्क मिळून संगणकाला एकच मोठी जागा दिसते आणि प्रत्येक मोठी फाइल तुकडे होऊन पाचही डिस्कांवर पसरलेली असते. एकाही डिस्कवर ती पूर्ण नसते. या पुलाची मांडणी रेडझेड-१ प्रकारची होती, म्हणजे तुकड्यांबरोबर एका डिस्कएवढी पडताळणीची माहितीही लिहिली जात असे. त्यामुळे कोणतीही एक डिस्क गेली तरी तिच्यावरचे तुकडे उरलेल्या चारांवरून गणिताने पुन्हा काढता येतात. दोन गेल्या, तर काहीच काढता येत नाही. पुलाची उपयोगी जागा कागदावर १६ टेराबाइट होती आणि त्यातली सुमारे ९ टेराबाइट भरलेली होती. यापलीकडे कोठेही दुसरी प्रत नव्हती, कारण ‘एक डिस्क गेली तरी चालते’ यालाच घरात बॅकअप समजले जात होते.

अडचण

मे महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी वादळ आले. लाइन गेली, आली, पुन्हा गेली. डीपीवर ठिणग्या उडाल्याचे शेजाऱ्यांनी पाहिले. स्टुडिओतला यूपीएस बराच वेळ ओरडत राहिला आणि मग बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू झाला, पण नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर दिसेना. मालकांचा पुतण्या संगणकातले थोडेफार जाणतो. त्याने स्क्रीन लावून पाहिले, तर पूल उघडलाच नव्हता आणि पाचपैकी दोनच डिस्क यंत्राला ओळखू येत होत्या.

मला फोन आला तेव्हा मालकांचा पहिला प्रश्न होता, “तीन डिस्क एकदम जळल्या का जी?” विजेच्या कडकडाटानंतर हा निष्कर्ष काढणे स्वाभाविक होते. या प्रकरणातला पहिला निर्णय मात्र याच प्रश्नापाशी घ्यायचा होता. स्वतंत्रपणे चालणाऱ्या तीन यंत्रांनी एकाच रात्री स्वतंत्रपणे मान टाकणे दुर्मीळ असते. त्या तिघींना काही सामायिक असेल, म्हणजे एकच वीजवाहिनी, एकच कार्ड किंवा एकच केबल, तर बिघाड त्या सामायिक जागी असण्याची शक्यता खूप जास्त. म्हणून फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या : यंत्र बंद करा, आणि डिस्कना हात लावू नका.

मी पोहोचेपर्यंतचे काही तास

हे सांगण्याआधीच थोडी हालचाल झाली होती. पुतण्याने एक डिस्क काढून यूएसबी डॉकमधून स्वतःच्या विंडोज लॅपटॉपला जोडली होती. डिस्क फिरली, म्हणजे ती पूर्ण मेलेली नव्हती. पण विंडोजला झेडएफएस कळत नाही, त्यामुळे डिस्क रिकामी असल्यासारखी वाटून विंडोजने ती ‘इनिशियलाइझ’, म्हणजे वापरासाठी नव्याने तयार, करण्याची परवानगी मागितली. पुतण्याने ती खिडकी बंद केली आणि “काकाजी, याला हो म्हणू का?” असे विचारायला तो बाहेर आला. काकाजींना त्यातले काही कळत नव्हते, म्हणून ते दोघेही थांबले. परवानगी दिली असती तर डिस्कवरची विभागणीची तक्ती नव्याने लिहिली गेली असती. झेडएफएस प्रत्येक डिस्कवर आपल्या ओळखीच्या, म्हणजे लेबलच्या, चार प्रती ठेवते, २५६ किबीबाइटची एकेक, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटाला. तेव्हा त्यातून मार्ग निघू शकला असता, पण काम कैक पटींनी किचकट झाले असते. काही यूएसबी डॉक मोठ्या डिस्कचा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान कप्पा, वेगळ्याच आकाराचा दाखवतात आणि मग चांगल्या डिस्कचीही विभागणी चुकीची दिसते. त्यामुळे डॉकमध्ये जे दिसले त्यावरून डिस्कविषयी मत बनवू नये.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानदाराचा सल्लाही याच वेळात घेतला गेला. त्याने पाचही डिस्क फॉरमॅट करून पूल पुन्हा त्याच नावाने बनवून देण्याची तयारी दाखवली. नाव तेच ठेवले की आतला मजकूरही परत येतो अशी त्याची समजूत होती की नव्हती, हे कळायला मार्ग नाही.

तपासणी

कॅबिनेट उघडण्यापूर्वी फोटो काढले, मग प्रत्येक डिस्कवर तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहिलेली चिकटपट्टी लावली. येथे त्यांना क, ख, ग, घ आणि च म्हणू. कोणती डिस्क मदरबोर्डच्या कोणत्या खाचेत आहे, कोणती डिस्क जोडण्यासाठी बसवलेल्या जादा कार्डावर आहे आणि कोणती कोणत्या वीजवाहिनीवर आहे, हे कागदावर मांडले. झेडएफएस डिस्कना त्यांच्यावरच्या लेबलवरून ओळखते, जागेवरून ओळखत नाही. म्हणून परत जोडताना क्रम बदलला तरी पुलाचे काही बिघडत नाही. हा कागद क्रम जपण्यासाठी नव्हता, सामायिक दुवा शोधण्यासाठी होता.

तो लगेच सापडला. ख आणि च या डिस्क जादा कार्डावर होत्या, बाकीच्या मदरबोर्डवर. च व्यवस्थित दिसत होती, म्हणजे कार्डावर संशय घ्यायला जागा नव्हती. वीज पाहिली तर घ आणि च यांना एसएमपीएसमधून, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, थेट निघालेल्या तारा होत्या, आणि दिसेनाशा झालेल्या क, ख, ग या तिन्ही एकाच स्प्लिटरवर, म्हणजे एका तारेच्या तीन करणाऱ्या फाट्यावर, होत्या. जुन्या चार पिनी कनेक्टरला लावलेला, तीन सॅटा (डिस्कला जोडायची) टोके असलेला, बाजारात सहज मिळतो तसला तो स्प्लिटर होता. त्याच्या मुळाशी असलेल्या पांढऱ्या प्लास्टिकला एका पिनेभोवती तपकिरी कडा आली होती, आणि बोटाने हलवले की ती पीन आत सरकत होती. मल्टिमीटर लावल्यावर थेट तारेवर १२ व्होल्ट मिळाले आणि स्प्लिटरच्या टोकाला, तिन्ही डिस्क जोडलेल्या असताना, ११.१. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकात या वाहिनीला पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे ११.४ च्या खाली ती जाता कामा नये. साडेतीन इंची डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेते. तीन डिस्क एकदम उठल्या की तापलेल्या, सैल जोडातून तेवढा प्रवाह जात नाही, आणि डिस्क फिरण्याचा प्रयत्न करून थांबतात.

स्प्लिटर खराब होता, पण तो वादळाच्या रात्रीच खराब झाला का? याचे उत्तर डिस्कच्या स्मार्ट नोंदींत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदींत, होते. प्रत्येक डिस्क थेट, चांगल्या तारेवर एकेक करून जोडली आणि यूएसबीवरच्या लिनक्समधून संगणक सुरू केला, म्हणजे स्टुडिओची मूळ प्रणाली जागी होऊन आपणहून पूल उघडायला जाणार नाही. पाचही डिस्क फिरल्या, पाचही ओळखू आल्या. स्टुडिओत संगणक रोज रात्री बंद होतो, त्यामुळे ‘पॉवर सायकल काउंट’ म्हणजे आजवर किती वेळा वीज आली-गेली हा आकडा पाचांचाही सारखा असायला हवा होता. घ आणि च यांचा तो जवळजवळ सारखाच होता. क, ख, ग यांचा त्याहून शेकड्यांनी जास्त. नोंद क्रमांक १९२, म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे डिस्कचे हेड घाईने मागे ओढले जाण्याच्या खेपा, तिथेही हीच तफावत होती. संगणक सुरू असतानाच या तीन डिस्कची वीज कित्येक महिने अधूनमधून तुटत होती. वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला.

यानंतर ‘झेडडीबी’ या साधनाने पाचही डिस्कची लेबले वाचली. वाचली म्हणजे केवळ वाचली. डिस्कवर लिहिणारा एकही आदेश अजून दिलेला नव्हता. झेडएफएस बदलांचे गट करून लिहिते, साधारण दर ५ सेकंदांनी एक, आणि प्रत्येक गटाला चढता क्रमांक मिळतो. लेबलातील उबरब्लॉक नावाच्या नोंदीत हा क्रमांक आणि वेळ असते. ख, ग, घ, च यांचे शेवटचे क्रमांक जुळत होते आणि वेळ वादळाच्या संध्याकाळची होती. क मात्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच थांबली होती. म्हणजे पूल मार्चपासून चार डिस्कांवर, कोणत्याही राखीव आधाराशिवाय चालत होता, आणि हे कोणालाच माहीत नव्हते. यंत्रणेने ते निमूटपणे आपल्या नोंदवहीत लिहून ठेवले होते. ती नोंदवही उघडणारा माणूस पुण्यात होता.

त्यात आणखी एक गोष्ट निघाली. ख डिस्कवर नोंद क्रमांक १९७, म्हणजे वाचता न येणारे, निर्णयाविना राहिलेले सेक्टर, शून्य नव्हते. म्हणजे क जुनी झालेली, आणि ख खरोखरच दुखरी.

कोणते पर्याय होते

पहिला मार्ग डेटा परत मिळवून देणाऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेचा. ज्या डिस्क फिरत नाहीत किंवा ज्यांच्यातून खटखट आवाज येतो त्यांच्यासाठी तोच योग्य मार्ग आहे, आणि अशा डिस्क घरी चालवून पाहणे म्हणजे नुकसान वाढवणे. येथे पाचही डिस्क फिरत होत्या. पाच डिस्क कुरिअरने पाठवण्याचा धोका आणि खर्च या अवस्थेत पटणारा नव्हता.

दुसरा मार्ग होता पूल मागच्या क्षणाला नेऊन जबरदस्तीने उघडण्याचा. झेडएफएसमध्ये तशी सोय आहे आणि इंटरनेटवर शोधणाऱ्याला ती पहिल्याच पानावर भेटते. पण ती सोय डिस्क हजर असून शेवटच्या नोंदी बिघडल्या असतील तेव्हाची. इथे नोंदी बिघडल्याची खूणच नव्हती. डिस्क गैरहजर होत्या. पुतण्याने पहिल्या सकाळी टिपून ठेवलेला संदेशही तेच सांगत होता : उपकरणे सापडत नाहीत, ती जोडून पुन्हा प्रयत्न करा. घाबरलेला माणूस अशा संदेशातली ‘पूल उघडता येत नाही’ एवढीच ओळ वाचतो.

तिसरा मार्ग पुतण्याने सुचवला आणि वरवर तो अगदी तर्कशुद्ध होता. ख दुखरी आहे ना, मग ती बाजूला ठेवू. क, ग, घ, च या चार झाल्या, आणि रेडझेड-१ ला चार पुरतात. यातली खोच अशी की क हजर असली तरी तिला मार्चनंतरचे काहीच ठाऊक नाही. मार्चनंतर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी ती असून नसल्यासारखी, म्हणजे त्या काळापुरत्या डिस्क तीनच. पूल उघडला नसता, किंवा मागे नेण्याचा आग्रह धरून उघडला असता तर अख्खी लग्नसराई गेली असती.

याच्या नेमका उलटा प्रस्तावही चर्चेत आला : क तर मार्चमध्येच बाद झाली, तेव्हा तिच्या जागी सरळ नवी डिस्क टाकून पूल पुन्हा भरून घ्यावा. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात सर्वांत घातक ठरू शकला असता तो हाच निर्णय, आणि पाठ्यपुस्तकात मात्र तोच दिलेला असतो. नवी डिस्क भरायची तर ख, ग, घ, च या चारही पूर्ण वाचाव्या लागणार, आणि ख वर जिथे सेक्टर वाचला जात नाही तिथे भरून काढायला दुसरे काहीच हाताशी नसणार. उलट जुन्या क वर मार्चपूर्वीचे सर्व तुकडे शाबूत होते. ख वरचा बिघडलेला सेक्टर जर मार्चपूर्वीच्या नाटकाचा असेल, तर तो क च्या मदतीने पुन्हा काढता येणार होता. झेडएफएस कोणती डिस्क कोणत्या क्रमांकापासून मागे राहिली याची नोंद ठेवते, म्हणून मागे राहिलेल्या डिस्कवरचे जुने तुकडे ते वापरते आणि नव्यांसाठी तिच्यावर विसंबत नाही. बाद समजलेली डिस्क हीच जुन्या नाटकांची हमी होती.

राहिले दोन मार्ग. एक, तारा बदलायच्या, पाचही डिस्क जोडून पूल नेहमीसारखा उघडायचा आणि क ला आपोआप अद्ययावत होऊ द्यायचे. दोन, आधी ख ची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची, मग पूल केवळ वाचण्यापुरता उघडून सगळा मजकूर बाहेर काढायचा, आणि त्यानंतरच पूल दुरुस्त करायचा. पहिल्यात त्याच संध्याकाळी काम सुरू झाले असते. दुसऱ्याला नवी डिस्क, मोठी बाह्य डिस्क आणि काही दिवस लागणार होते. बाहेर एका लग्नाची फिल्म द्यायची मुदत आलेली होती, त्यामुळे मालकांचा कल साहजिकच पहिल्याकडे होता. पूल नेहमीसारखा उघडला की झेडएफएस त्याच क्षणापासून त्यावर लिहू लागते आणि क ला भरण्यासाठी दुखऱ्या ख कडूनही वाचू लागते, हे कागदावर आकृती काढून दाखवल्यावर त्यांनी दुसरा मार्ग मान्य केला.

काय केले

नागपुरात सीताबर्डीहून एक ४ टेराबाइटची डिस्क, एक मोठी बाह्य डिस्क आणि पुरेशी सॅटा टोके असलेला नवा एसएमपीएस आणला. डिस्क घेताना ती एसएमआर प्रकारची नसल्याची खात्री केली. या प्रकारात पन्हाळी कौलांसारखे मार्ग एकमेकांवर चढवलेले असतात आणि सलग पुनर्लेखनात डिस्क फार मंदावते. २०२० मध्ये नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही या प्रकारच्या असल्याचे उघड झाले होते, त्यामुळे खोक्यावरच्या नावावर विसंबता येत नाही. नक्कल उतरवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरनेही लहान चालत नाही, हेही दुकानातच तपासले.

नक्कल डीडीरेस्क्यू या साधनाने काढली. हे साधन आधी सहज वाचले जाणारे सगळे उचलते आणि अडणाऱ्या जागा मागे ठेवून त्यांकडे नंतर वळते, त्यामुळे दुखरी डिस्क पुढे खरोखर गेलीच तरी तोवर बहुतेक मजकूर हाती आलेला असतो. कोठवर वाचले याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये लिहीत जाते. आमच्यासाठी ही सोय फार मोलाची ठरली, कारण मध्येच लाइन गेली, यूपीएस तग धरू शकला नाही, आणि पुन्हा सुरू केल्यावर काम थांबल्या जागेपासून पुढे चालू झाले. वाचन रात्री केले. दिवसा त्या खोलीत डिस्कचे तापमान पन्नाशी ओलांडत होते आणि बहुतेक उत्पादक साठच्या आसपास मर्यादा घालतात.

कूलरविषयी येथेच लिहितो. विदर्भातल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही, आणि स्टुडिओत तो नेमका संगणकाच्या तोंडावर लावलेला होता, ‘मशीन थंड राहावं’ म्हणून. कूलरची हवा थंड असते, पण दमट असते. शेजारी राईस मिल असल्यामुळे कोंड्याची बारीक धूळही त्या हवेत होती. कॅबिनेटच्या तळाशी ओलसर, फिकट पिवळा थर जमलेला होता. कनेक्टर खराब होण्यात मूळच्या हलक्या दर्जाच्या प्लास्टिकइतकाच या ओलाव्याचाही हात असावा असे मला वाटते.

नक्कल संपली तेव्हा ख वरचा सुमारे ६० किलोबाइट भाग वाचता आलेला नव्हता. बाकी सर्व उतरले होते. मूळ ख काढून बाजूला ठेवली. मूळ आणि नक्कल दोन्हींवर ओळखीचा आकडा एकच असतो, त्यामुळे त्या दोन्ही एकाच वेळी यंत्राला जोडणे कटाक्षाने टाळले. मग क, ख ची नक्कल, ग, घ, च अशा पाच डिस्क नव्या एसएमपीएसच्या थेट तारांवर लावल्या आणि पूल रीडओन्ली पद्धतीने उघडला. तो पहिल्याच आदेशाला उघडला.

आता बाहेर काय आधी काढायचे, यावर मालकांचे आणि माझे मत जुळेना. ९ टेराबाइट बाहेर काढायला सगळे सुरळीत चालले तरी एक पूर्ण दिवस आणि वर काही तास लागतात, आणि ते सुरळीत चालेलच असे लाइनच्या भरवशावर सांगता येत नव्हते. ज्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही अशी जुनी नाटके आधी काढावीत असे मला वाटत होते. त्यांतले काही कलावंत आता हयात नाहीत. मालक म्हणाले, “नाटक आज कोणी मागत नाही जी, लग्नवाला उद्या दारात उभा राहील.” आधी लग्ने काढली. धंदा त्यांचा, ग्राहक त्यांचे, आणि रीडओन्ली अवस्थेत पूल तेवढ्यात बिघडण्याची शक्यताही कमी होती; तेव्हा हा निर्णय अयोग्य म्हणता येणार नाही. माझा क्रम आजही वेगळाच असता.

सर्व मजकूर बाह्य डिस्कवर आल्यावर आणि निवडक फाइली उघडून पाहिल्यावरच पूल बंद करून नेहमीच्या पद्धतीने उघडला. क वर मार्चनंतरचेच तुकडे भरायचे असल्यामुळे ते काम काही तासांत आटोपले. त्यानंतर संपूर्ण पुलाची पडताळणी, म्हणजे स्क्रब, करून घेतली.

निष्पन्न

पडताळणीअखेर तीन फाइलींमध्ये कायमचा बिघाड असल्याचे यंत्रणेने नाव देऊन सांगितले. तिन्ही एप्रिल-मे मधल्या लग्नांच्या होत्या. ख वर न वाचता आलेल्या जागांपैकी काही जुन्या नाटकांच्या फाइलींतही येत होत्या. त्या क च्या आधाराने पूर्ण दुरुस्त झाल्या. मार्चपूर्वीचे काहीही गेले नाही, आणि गेले ते नेमके त्या अडीच महिन्यांतले, जेव्हा पूल चार डिस्कांवर चालत होता. तीनपैकी दोन चित्रफितींत काही क्षणांचा चौकटींचा गोंधळ वगळता बाकी भाग वापरता आला. तिसरीचा शेवट हाती लागला नाही. ती पाठवणीची होती, आणि वधूच्या भावाच्या मोबाइलवरचे चित्रण तिथे जोडून वेळ निभावून नेली.

मूळ ख निवृत्त केली. मूळ क अजून पुलात आहे आणि तिच्या स्मार्ट नोंदींत आजवर काहीही आक्षेपार्ह आलेले नाही. तिचा दोष कधी नव्हताच.

काय वेगळे करता आले असते

डेबियनमधील झेडएफएस दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब करण्याची व्यवस्था आपोआप लावून देते, आणि ती या यंत्रातही होती. वेळ होती मध्यरात्रीनंतरची. स्टुडिओ रात्री नऊला बंद होतो आणि संगणकही, त्यामुळे ती स्क्रब बहुधा कधी झालीच नाही. झाली असती तर ख वरचे दुखरे सेक्टर क शाबूत असतानाच सापडले असते आणि आपोआप दुरुस्तही झाले असते. आता ती रविवारी दुपारी होते.

सूचनेचा प्रश्न तितका सोपा नव्हता. पूल आजारी पडला की ईमेल पाठवण्याची सोय असते, परंतु मालक ईमेल उघडत नाहीत आणि गावातल्या इंटरनेटचा नेम नसतो. म्हणून चित्रीकरण संपादित करण्याच्या संगणकावर, सुरू होताच पुलाची अवस्था मोठ्या अक्षरांत दिसेल अशी छोटी व्यवस्था करून दिली : पाचही ठीक असतील तर हिरवी पट्टी, एरवी लाल. लाल दिसली तर यंत्र बंद करून फोन करायचा, एवढेच ठरले आहे.

फक्त ख ची नक्कल काढली, ग ची काढली नाही, यावर आक्षेप घेता येईल. ग चीही वीज तितक्याच वेळा तुटली होती. तिच्या नोंदी स्वच्छ होत्या आणि आणखी एका डिस्कचा खर्च मालकांना जड होता, म्हणून धोका पत्करला. ग्राहक संस्था असती, रुग्णालय असते, तर मी पाचही डिस्कच्या नकला काढल्याशिवाय पुढे गेलो नसतो.

सर्वांत मोठी संधी मात्र सुटली असे मला वाटते. सगळा मजकूर बाहेर काढलेला होता, तेव्हाच जुना पूल मोडून सहा डिस्कांचा रेडझेड-२ बनवता आला असता, ज्यात दोन डिस्क गेल्या तरी चालते. चालू रेडझेड-१ पुलाचे रेडझेड-२ करता येत नाही. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये अशा पुलात डिस्क वाढवण्याची सोय झाली आहे, पण तिने जागा वाढते, राखीव आधार वाढत नाही. मालकांनी नकार दिला, आणि त्यांचे कारण माझ्यापेक्षा पक्के होते. पूल मोडल्यापासून नवा भरेपर्यंत सगळा मजकूर एकाच बाह्य डिस्कवर असणार, मृगाच्या तोंडावर, वीज कडाडत असताना, आणि अजून अर्थिंगही नीट नाही. त्यांनी आधी अर्थिंग करून घेतले. दुसरी बाह्य डिस्क घेऊन ती दुसऱ्या गावी भावाच्या घरी ठेवायची आणि पावसाळा सरल्यावर, मंडया भरण्याआधी पूल नव्याने बांधायचा, असे सध्या ठरले आहे. सहाव्या डिस्कसाठी कॅबिनेटमध्ये जागा नाही, ते तेवढे अजून पाहायचे आहे.